बारीक नेक आणि तळाशी उरलेलं लाकूड

(पडद्यावर: व्हर्नियरच्या जबड्यात धरलेला नेक, पहिल्या फ्रेटपाशी)

हा आकडा बघा, १८. गिटारचा हा नेक, म्हणजे लांब दांडी, पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे तारांखालच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, १८ मिलिमीटर जाड आहे, आणि ह्यात फ्रेट ठोकलेली वरची लाकडी पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्डही आला बरं का. आयबानेझ कंपनीच्या गिटारचे विझर्ड नेक ज्यांनी वाजवलेत त्यांना ह्यात नवीन काही नाही, ते तर १७ पर्यंत जातात. हाताला मस्तच वाटतं, अंगठा मागून नुसता सरसरत जातो. पण आज आपण बघतोय आतली गोष्ट, एवढ्याशा लाकडात ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली धातूची सळई, घालायचा तर कुठला.

आधी रॉड हवाच कशाला ते पटकन. साडेपंचवीस इंची स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर, नऊ-बेचाळीसचा सेट (सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश, सगळ्यात जाड बेचाळीस) लावून नेहमीच्या ट्यूनिंगला आणला की सहा तारा मिळून साधारण ३८ किलोनं ओढतात, दहा-शेहेचाळीस लावला तर ४६-४७ किलो. हे ओझं दिवसरात्र, त्यामुळे नेक पुढे वाकणारच. गिब्सन ह्या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूनं १९२१ मध्ये ह्यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२३ मध्ये ते मंजूर झालं. आणि गंमत बघा, फेंडर कंपनीच्या १९५० च्या अगदी सुरुवातीच्या गिटारमध्ये रॉड नव्हताच, मॅपल पुरेसं कडक आहे असं धरून चालले होते, मग त्याच वर्षी बसवावा लागला.

आता बारीक नेकची खरी पंचाईत. कडकपणा जाडीच्या घनावर जातो. म्हणजे २१ मिलिमीटरचा नेक तासून १८ चा केला तर गेले फक्त ३ मिलिमीटर, पण कडकपणा गेला जवळपास ३७ टक्के. ज्या नेकला रॉडची गरज जास्त त्यातच रॉडला जागा कमी. घ्या.

इथे डोकं असं चालतं की नेक नाजूक आहे ना, मग रॉड दणकट घालू. माझंही तसंच चाललं होतं. चांगला जाडजूड डबल अ‍ॅक्शन, म्हणजे दोन्ही बाजूंना वाकवता येणारा रॉड आणला, ११ मिलिमीटर खोलीचा, खाच मारली, फ्रेटबोर्ड चिकटवला आणि मग मागचा गोल तासायला बसलो. स्पोकशेव्हचा, म्हणजे गोल तासायच्या छोट्या रंध्याचा, आवाज भरीव येत होता, पहिल्या फ्रेटपाशी आल्यावर तो पोकळ यायला लागला, मला कळलं पण हात थांबला नाही, अजून दोन हात मारले आणि लाकडात एक निळी रेघ दिसली. रॉडवरची प्लास्टिकची नळी होती ती. आठवड्याचं काम सरपणात.

(पडद्यावर: कागदावर पेन्सिलीनं काढलेला नेकचा आडवा छेद)

हे चित्र आधी काढायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम. एकूण १८, त्यातले ६ फ्रेटबोर्डचे, खाली उरले १२. ११ चा रॉड घातला की तळाशी १ मिलिमीटर, तोही सँडिंगच्या आधी. ९ चा लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचा रॉड घातला तर ३. मी आता ३ च्या खाली जातच नाही, कुणी काहीही म्हणो.

आणि ते ३ मिलिमीटर नुसते दिसण्यापुरते नाहीत. डबल अ‍ॅक्शन म्हणजे एकावर एक दोन सळया, टोकाला एकमेकींना जोडलेल्या, नट फिरवला की एकीची लांबी दुसरीच्या मानाने कमीजास्त होते आणि जोडी धनुष्यासारखी वाकते. तारांनी पुढे ओढलेला नेक सरळ करायचा तर रॉडचा मधला भाग वर फ्रेटबोर्डला रेटतो आणि दोन्ही टोकं खाली, खाचेच्या तळावर दाबतात. त्यातलं एक टोक येतं बरोबर पहिल्या फ्रेटच्या आसपास, म्हणजे जिथे लाकूड सगळ्यात कमी तिथेच. तळ पातळ असेल तर मागून फुगवटा येतो नाहीतर सरळ चीर जाते.

म्हणून रॉड घेताना ताकद बघू नका, खोली बघा. बारीक नेक वाकवायला तसंही जोर कमी लागतो. आणि व्हर्नियर सळईवर नाही, टोकाच्या ठोकळ्यावर लावा, तो कधीकधी सळयांपेक्षा उंच असतो आणि कॅटलॉगमध्ये ते लिहिलेलं असेलच असं नाही.

सिंगल अ‍ॅक्शनचं काय? ५ मिलिमीटरच्या आसपासची एकच सळई, वक्र खाचेत, मध्ये खोल आणि टोकांना उथळ, त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी लाकूड भरपूर शिल्लक राहतं, वजनही कमी. मला खरं तर हाच जास्त आवडतो. पण वक्र खाच मारायला जिग, म्हणजे हत्यार धरून नेणारा साचा, लागतो, वरची पट्टी घट्ट बसवावी लागते, आणि मुख्य म्हणजे तो एकाच बाजूला काम करतो. फ्रेट खाचेत फार घट्ट ठोकले की पाचरीसारखे काम करतात आणि नेक उलटा, मागे वाकतो, अशा वेळी सिंगल रॉड हात वर करतो, नट सैल करून झाला की संपलं.

कडकपणा हवाच असेल तर तो रॉडकडून मागू नका, रॉडच्या दोन बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या इपॉक्सीनं बसवा. फक्त पट्ट्या फार कडेला नेऊ नका, नेक मागून गोल असतो त्यामुळे कडेला लाकूड आणखी कमी. आणि पट्ट्या घातल्या की डबल अ‍ॅक्शनच घ्या, कारण कार्बनवाला नेक हलक्या तारांनी पुरेसा वाकतच नाही, तारा फ्रेटला घासू नयेत म्हणून हवा असलेला पाव मिलिमीटरचा पुढचा वाक, म्हणजे रिलीफ, मग रॉडनंच आणावा लागतो.

रॉड फिरवायचा नट कुठे? माझं मत, हीलकडे, म्हणजे नेक बॉडीला जोडतो त्या टोकाला, भोकांच्या चाकाचा, स्पोक व्हीलवाला. हेडस्टॉककडे, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांच्या टोकाला, ठेवला तर चावीसाठी तिथे खड्डा करावा लागतो आणि नेमकं ते नेकचं सगळ्यात कमकुवत ठिकाण.

(पडद्यावर: उघड्या खाचेत ठेवलेला रॉड)

तर हा ९ मिलिमीटरचा. टेबलावर दोन्हीकडे फिरवून बघितलाय, दोन्हीकडे सारखा वाकतो. खाचेत ठेवून नेक हलवला, खडखड नाही. आता नट मोकळा, मधल्या स्थितीत ठेवायचा, वरून पातळ चिकटपट्टी म्हणजे ग्लू आत झिरपणार नाही, आणि मगच फ्रेटबोर्ड. क्लॅम्प लावायच्या आधी चावी एकदा आत जाते ना ते बघून घ्या.