पूर्ण एक मिनिट

मंडळी, आईबद्दल बोलाल का, असं विचारताना आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "सेवामूर्ती होत्या हो त्या!" आईला हा शब्द चालला नसता. मूर्तीची कंबर दुखत नाही, असं काहीतरी तिने ऐकवलं असतं. ३६ वर्षं तिने नर्सिंग केलं, त्यातली निम्मी रात्रपाळीत. माया असो-नसो, मोजता आलं पाहिजे, हा तिचा खाक्या.

नाडी बघताना ती मनगटावर तीन बोटं ठेवायची, अंगठा कधीच नाही. अंगठ्यातही ठोके जाणवतात; पेशंटची नाडी मोजतोय असं वाटतं आणि माणूस स्वतःचीच मोजत बसतो. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं हे तिच्या लेखी कामचुकारपणा. मध्येच एखादा ठोका चुकत असेल, तर तो तेवढ्यात सापडणार कसा? पूर्ण एक मिनिट. ते संपलं की बोटं तिथेच ठेवून, नजर हळूच छातीकडे वळवून ती आणखी एक मिनिट श्वास मोजायची. पेशंटला कळू द्यायचं नाही. श्वास मोजतोय म्हटलं की माणूस नेहमीसारखा श्वास घेतच नाही.

१२ मे हा फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, म्हणून परिचारिका दिन. त्या दिवशी कुणी दिव्याचं भेटकार्ड दिलं की आई कुरकुरायची. बाईंच्या हातातला दिवा सगळ्यांना ठाऊक, वही कुणालाच नाही! क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक दगावले, हे त्यांनी आकडे मांडून आणि १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवलं. आईच्या डोळ्यांसमोर होती ती ही वहीवाली बाई.

तिच्या उमेदवारीच्या काळात इंजेक्शनच्या सिरिंजा काचेच्या असत. त्या उकळायच्या, सुया दगडावर घासून धार लावायची, मग टोक कापसावरून ओढायचं. एक जरी तंतू अडकला तरी सुई परत दगडावर. प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या तेव्हा सुटलो म्हणणाऱ्यांत तीच पहिली होती. जुनं ते सोनं वगैरे तिच्याकडे नव्हतं.

आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, पक्षाघाताने सात महिने अंथरुणावर होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड, खांदे रोज बघायचे. लाल दिसलं की बोटाने दाबायचं: लाली फिकी पडून परत आली तर ठीक, दाबूनही तशीच राहिली तर समजायचं, व्रण सुरू होतोय. चादरीवर एक सुरकुती खपत नसे. सासू-सुनेचं फारसं पटायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण सात महिन्यांत आजींच्या पाठीला एकही जखम झाली नाही.

आता तक्रारही सांगते. आम्हा भावंडांच्या तापाला घरात किंमत नव्हती. थर्मामीटर झटकून जिभेखाली, पारा बघून "शंभर. पाणी पी, झोप." बस्स. शाळेच्या बक्षीस समारंभाला ती रात्रपाळीवरून थेट आली आणि शेवटच्या रांगेत झोपून गेली. माझं नाव पुकारलं तेव्हाही झोपलेलीच होती. मी बरीच वर्षं हे मनात धरून होते.

माझी लेक झाली तेव्हा फोनवर सगळे विचारत होते, कुणासारखी दिसते? आईने विचारलं, "अपगार किती?" जन्मानंतर एका आणि पाच मिनिटांनी बाळाला दहापैकी गुण देतात, ते. मी म्हटलं, आधी आठ, मग नऊ. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

त्याच नातीला तिने पुढे नाडी बघायला शिकवलं. बाहुलीला नाडी नसते म्हणून मलाच पेशंट व्हावं लागे. आई भेटली की माझा हात हातात घेऊन बसायची, तो मायेने, असं मी समजत होते. लेकीला शिकवताना पाहिलं तेव्हा उमगलं, इतकी वर्षं ती माझे श्वास मोजत होती.

शेवटच्या आठवड्यात आई फारशी बोलत नव्हती. लेक उशाशी बसून तीन बोटं मनगटावर ठेवून घड्याळाकडे बघत होती. मिनिट संपलं, तरी तिने हात सोडला नाही. डोळे मिटलेलेच ठेवून आई पुटपुटली, "श्वास मोजतेयस ना गं? आता परत पहिल्यापासून मोज. मला कळलं."