तांबड्या क्रुसातला पांढरा क्रूस

नमस्कार मंडळी.

जुन्या गोव्यात गेलात की बॉम जीझसचं दर्शन होतं, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल बघून होतं, आणि पाय परतीच्या बसकडे वळतात. माझी विनंती आहे, पुढच्या खेपेला दहा मिनिटं जास्त ठेवा. से कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला संत फ्रान्सिसचं चर्च आहे, पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाला लागूनच. आजची इमारत १६६१ सालची. तिचा दरवाजा मात्र त्याहून बराच जुना आहे. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीत काळसर दगडाची ती चौकट अशी उठून दिसते, की दुसऱ्याच कुठल्या वाड्याची आणून बसवावी. एका अर्थी तसंच झालंय. त्याच जागी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या प्रार्थनास्थळाची ती चौकट नवं चर्च बांधताना राखून ठेवली. तिच्यावर कड्यांनी बनलेले गोल कोरलेत, खलाशांचे आकाशगोल. आणि त्यांच्यासोबत एक क्रूस आहे, चारही हात सारख्या लांबीचे.

आजचं बोलणं या क्रुसाबद्दल आहे. तो कुणाचा, कुठून आला आणि आपल्या किनाऱ्यावर त्याला काय अधिकार होता.

सुरुवात करावी लागते ती टेंपलरांपासून. जेरुसलेमच्या वाटेवरच्या यात्रेकरूंचं रक्षण करायचं म्हणून १११९ च्या सुमारास काही सरदारांनी संन्याशाच्या शपथा घेतल्या. ब्रह्मचर्य, निर्धनता, आज्ञापालन, आणि हातात तलवार. पांढरा झगा, त्यावर तांबडा क्रूस. पोर्तुगाल तेव्हा राज्य म्हणून नुकतं आकार घेत होतं आणि दक्षिणेकडे मुस्लिम सत्तांशी त्याची लढाई चालू होती, त्यामुळे टेंपलरांना तिथे काम आणि जमीन दोन्ही मिळालं. ११६० मध्ये त्यांचा प्रमुख गुआल्दीं पाइश याने तोमार इथे किल्ला बांधायला घेतला. ११९० मध्ये अल्मोहाद या मुस्लिम सत्तेच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. तोमार हे नाव लक्षात ठेवा, ते गोव्यापर्यंत येणार आहे.

पुढे फ्रान्सचा राजा चौथा फिलिप टेंपलरांच्या मुळावर उठला. १३ ऑक्टोबर १३०७ ला त्याने आपल्या राज्यातल्या टेंपलरांची धरपकड केली, छळ करून कबुल्या घेतल्या, आणि १३१२ मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने हा संप्रदायच मोडीत काढला. त्यांची मालमत्ता हॉस्पिटलर नावाच्या दुसऱ्या लढाऊ संप्रदायाला द्यावी असं ठरलं. आयबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या, राज्यांचा प्रश्न तेवढा वेगळा ठेवला गेला.

आता पोर्तुगालचा राजा दिनीश काय करतो बघा. मला हा माणूस फार आवडतो. कवी होता, आणि जमिनीचं मोल जाणणारा होता. त्याच्या राज्यातले किल्ले, शेतं, गिरण्या एवढ्या मोठ्या प्रमाणावर टेंपलरांकडे होत्या, की ते सगळं एका परदेशी मुख्यालय असलेल्या संप्रदायाच्या पदरात टाकणं म्हणजे राज्यात दुसरं राज्य उभं करणं. शिवाय लढणारी, शिकलेली, शिस्तीची माणसं घालवायची कशाला? त्याने मालमत्ता सरकारी ताब्यात धरून ठेवली आणि आपले वकील पोपच्या दरबारी बसवले. क्लेमेंट वारला, नवा पोप आला, वकील बोलतच राहिले. शेवटी १४ मार्च १३१९ ला पोप बाविसाव्या जॉनने आज्ञापत्र काढलं: पोर्तुगालमध्ये नवा संप्रदाय स्थापन व्हावा, नाव 'येशू ख्रिस्ताच्या शिलेदारांचा संप्रदाय', आणि टेंपलरांची तिथली मालमत्ता त्याला मिळावी.

शिलेदार हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पोर्तुगीजमध्ये 'काव्हालेरु', म्हणजे मुळात घोडेस्वार. इंग्रजी 'नाइट'पेक्षा स्वतःचा घोडा आणणारा आपला शिलेदार त्याला जवळचा आहे. संस्थेला मात्र आपण सोयीसाठी 'ख्रिस्त ऑर्डर' म्हणू.

राजाने पाटी बदलली, घर बरंचसं तेच राहिलं. जुने टेंपलर नव्या ऑर्डरमध्ये दाखल झाले. पण ही जुनीच मंडळी नवं नाव लावून आली असं कुणी म्हणू नये, याचीही काळजी घेतली गेली. पहिला प्रमुख जील मार्तींश हा आव्हिश या दुसऱ्या पोर्तुगीज ऑर्डरमधून आणला. नियम कालात्राव्हा या स्पेनमधल्या लढाऊ ऑर्डरचे, देखरेख आल्कोबासा या पोर्तुगीज मठाच्या अधिपतीची. मुख्यालयही तोमारला न ठेवता दक्षिणेला कास्त्रु मारीं इथे नेलं, ग्वादियाना नदीच्या मुखाशी, सीमेवर. १३५७ मध्ये ते तोमारला परतलं आणि मग तिथेच राहिलं.

आता चिन्हाकडे येतो. कागद-पेन्सिल असेल तर काढून बघा, हाताने काढलेलं डोळ्याला लवकर सापडतं. समान लांबीचे चार हात काढा. प्रत्येक हात सरळ जातो आणि टोकाशी येताना दोन्ही बाजूंनी तिरपा पसरतो, टोकाची कड सपाट. हा झाला तांबडा क्रूस. आता त्याच्या पोटात मधोमध एक बारीक, सरळ, पांढरा क्रूस काढा. तांबडा टेंपलरांकडून आलेला, पांढरा नवा. डाग लागलेलं नाव आतून धुऊन घेतलं, असा त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ पुढे सांगितला जाऊ लागला. शुद्धीचा, पुनर्जन्माचा. हा अर्थ पहिल्या दिवसापासून मनात होता की नंतर चिकटला, यावर मी भांडणार नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की १३१९ चा सगळा तह त्या एका आकृतीत दिसतो. जुनं टाकलेलं नाही आणि जसंच्या तसं ठेवलेलंही नाही.

पोर्तुगालच्या दुसऱ्या दोन ऑर्डरींचे क्रूस यापासून ओळखता आले पाहिजेत, कारण पुस्तकांतसुद्धा घोटाळा होतो. आव्हिशचा क्रूस हिरवा, त्याच्या टोकांना लिलीच्या पाकळ्या. सांतियागुचा तांबडा, पण खालचा हात तलवारीच्या पात्यासारखा निमुळता. आणि माल्टाच्या हॉस्पिटलरांचा पांढरा, आठ टोकांचा, तो तर वेगळ्याच घरातला.

१४२० मध्ये या ऑर्डरचा कारभार राजपुत्र एन्रीककडे आला. आपण शाळेत 'हेन्री द नॅव्हिगेटर' म्हणून शिकलो तोच. १४६० ला मरेपर्यंत तो या जागेवर होता. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली उतरणाऱ्या मोहिमांना जहाजं लागतात, दोर, बिस्किटं, माणसं लागतात. तो पैसा उभा करताना ऑर्डरच्या जमिनींचं उत्पन्न हाताशी होतं. जेरुसलेमच्या रक्षणासाठी दान दिलेली शेतं अशी समुद्राच्या कामाला लागली. त्या मोहिमांमध्येच आफ्रिकन माणसं पकडून गुलाम म्हणून विकायला आणली गेली, १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात मोठा जथा उतरवला गेला आणि एन्रीकने त्यातला आपला पाचवा हिस्सा घेतला. क्रुसाचा इतिहास सांगताना हे गाळता येत नाही.

आणि आता १४५६. पोप तिसऱ्या कॅलिक्स्टसने एक आज्ञापत्र दिलं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिरापासून पुढे, गिनीच्या किनाऱ्याने 'इंडीजपर्यंत' जे काही सापडलंय किंवा सापडेल, तिथला धार्मिक अधिकार ख्रिस्त ऑर्डरचा. पाद्री नेमायचे ते त्यांनी, बहिष्कार घालायचा तो त्यांनी. वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून ४२ वर्षं होती. इंडीज म्हणजे नेमका कुठला मुलूख, याची युरोपात कुणाला धड कल्पना नव्हती, आणि तरी त्याचा धार्मिक मालक ठरून गेला होता.

याचा परिणाम आपल्याकडे कसा उतरला ते सांगतो. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला. त्या दिवशी ख्रिस्ती धर्मव्यवस्थेच्या हिशोबात गोवा कुणाच्या हाताखाली आला? लिस्बनच्या आर्चबिशपच्या नाही. तोमारच्या व्हिकारच्या, म्हणजे ऑर्डरच्या धर्माधिकाऱ्याच्या हाताखाली. मांडवीच्या काठावरचा पाद्री नदीकाठच्या एका पोर्तुगीज गढीला बांधील. १५१४ मध्ये हा अधिकार मदैराच्या फुंशाल इथे नव्याने केलेल्या बिशपकडे गेला, म्हणजे पुढची वीस वर्षं गोवा अटलांटिकमधल्या एका बेटावरच्या धर्मपीठाखाली होता. १५३४ मध्ये गोव्याला स्वतःचं धर्मप्रांत मिळालं. तेच साल वसईचंही, गुजरातच्या बहादुरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली ती त्याच वर्षी. पुढे शतकानुशतकं 'पाद्रोआदो' म्हणजे चर्चवरच्या पोर्तुगीज राजाच्या आश्रयाधिकारावरून जो वाद आपल्या इकडच्या चर्चमध्ये चालला, मुंबईतसुद्धा ज्याने एकेक गाव दुभंगलं, त्याच्या मुळाशी जी कागदपत्रं आहेत त्यांत हे १४५६ चं आज्ञापत्र आहे.

चर्चच्या आधी हा क्रूस गोव्याच्या बाजारात पोचला होता. आल्बुकर्कने १५१० मध्येच गोव्यात नाणी पाडली. एका बाजूला ख्रिस्त ऑर्डरचा क्रूस, दुसऱ्या बाजूला राजा मानुएलचं चिन्ह, तो आकाशगोल. संत फ्रान्सिसच्या दारावर दगडात दिसणारी जोडी तीच. भाजी विकणाऱ्या बाईच्या हातात ते नाणं पडलं असेल तेव्हा तिला त्यात काय दिसलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

क्रूस आणि गोल एकत्र का, तर मानुएल हा राजा होण्याआधी, १४८४ पासून, या ऑर्डरचा प्रमुख होता. १४९५ मध्ये गादीवर आला, आणि दोन्ही चिन्हं एकाच माणसाची झाली. १४९७ मध्ये त्याने वास्को द गामाला निरोप देताना हाती दिला तो मधोमध ऑर्डरचा क्रूस असलेला रेशमी ध्वज. १५०० मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरला, तिथल्या पहिल्या प्रार्थनेलाही हाच ध्वज होता, आरमारासोबतच्या पेरू व्हाज द कामिन्याने राजाला लिहिलेल्या पत्रात तशी नोंद आहे. सोळाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात दरवर्षी भारताकडे निघालेल्या आरमारांची चित्रं आहेत, त्यांतल्या शिडांवर तांबडे क्रूस रंगवलेत.

गंमत अशी की ख्रिस्त ऑर्डरचा ध्वज घेऊन निघालेला गामा स्वतः त्या ऑर्डरचा नव्हताच. तो सांतियागुचा. भारतातून परतल्यावर राजाने त्याला त्याचं जन्मगाव सिनिश द्यायचं कबूल केलं. पण सिनिश सांतियागु ऑर्डरच्या मालकीचं, आणि तिचा प्रमुख जॉर्ज ते सोडायला तयार होईना. वर्षानुवर्षं हा तंटा चालला. १५०७ मध्ये गामाला सहकुटुंब गाव सोडायला लावलं गेलं, आणि त्याच वर्षी तो ख्रिस्त ऑर्डरमध्ये गेला. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला स्वतःच्या गावात घर मिळालं नाही आणि त्याने अंगावरचा क्रूस बदलला. वतनावरून झालेली भांडणं ज्यांनी आपल्या घरात ऐकलीत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

या काळात ऑर्डरचं आतलं रूपही पालटत होतं. १४९६ मध्ये शिलेदारांना लग्नाची मुभा मिळाली. निर्धनतेची शपथही पुढे सैल झाली. मानुएलने 'कोमेंदा' खूप वाढवल्या. कोमेंदा म्हणजे ऑर्डरच्या एखाद्या जमिनीचं उत्पन्न सेवेबद्दल लावून द्यायचं, आपल्या सरंजामासारखं. भारतात किंवा मोरोक्कोत लढलेला माणूस लिस्बनला परतून अर्ज करी, की मला क्रूस आणि कोमेंदा मिळावी. शपथ मागे पडत गेली आणि बक्षीस पुढे आलं. १५५१ मध्ये तिन्ही ऑर्डरींचं प्रमुखपद कायमचं राजघराण्याकडे गेलं. १५७० पासून प्रवेशाचे नियम मात्र कडक झाले. ज्यू किंवा मुस्लिम पूर्वज नकोत, आणि आजा-बापाने हाताने काम करून पोट भरलेलं नको. सुताराच्या मुलाच्या नावाने चालणाऱ्या ऑर्डरमध्ये सुताराच्या मुलाला जागा नाही. मला हे वाचताना अजूनही वाईट वाटतं.

तोमारला मानुएलच्या काळात दियोगु द आर्रूदाने कोरलेली एक खिडकी आहे, १५१० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. दोर, गाठी, पोवळी, झाडाची मुळं असं सगळं दगडात वर चढत जातं. दोन्ही बाजूंना आकाशगोल, आणि सर्वांत वर ऑर्डरचा क्रूस. गोवा घेतला गेला त्याच सुमाराला ही छिन्नी चालू होती. १९८३ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. १७८९ मध्ये राणी पहिली मारिया हिने ऑर्डरींची नवी घडी बसवली: मोठा क्रूस, कोमेंदादोर, शिलेदार अशा पायऱ्या, आणि पदकावर येशूचं पवित्र हृदय. तिन्ही ऑर्डरींच्या प्रमुखाची फीत तीन रंगांची, ख्रिस्तचा तांबडा, आव्हिशचा हिरवा, सांतियागुचा जांभळा. ही फीत पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष आजही वापरतात. १८३४ मध्ये मठ बंद झाले, जमिनी गेल्या, उरला तो मान. १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं आणि ऑर्डर रद्द झाली. १९१८ मध्ये ती राष्ट्रीय सन्मान म्हणून परत आली, त्या हृदयाशिवाय. राज्यकारभार, न्यायव्यवस्था, राजनैतिक सेवा अशा कामांसाठी ती आता दिली जाते आणि तिचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष असतात. क्रूस मात्र पोर्तुगीज हवाई दलाच्या विमानांवर आहे, मदैराच्या झेंड्यावर आहे, आणि फुटबॉल बघणाऱ्या मुलांनी तो पोर्तुगालच्या जर्सीवरच्या बिल्ल्यात शेकडो वेळा पाहिलाय.

वसईत किंवा रेवदंड्याला जाल तेव्हा वेशीवरच्या, चर्चच्या पडक्या भिंतीवरच्या दगडांकडे जरा मान वर करून बघा. प्रत्येक क्रूस या ऑर्डरचा नसतो, बहुतेक नुसते भक्तीचे असतात. चारही हात सारखे आहेत का, टोकं तिरपी पसरून सपाट झालीत का आणि शेजारी कड्यांचा गोल आहे का, हे तपासा. रंग तर केव्हाच गेलेला असतो. पोटातला पांढरा क्रूस पावसाने झिजलेल्या दगडात डोळ्यांना सापडेलच असं नाही, पण बोट फिरवलं तर कधीकधी तिथे एक बारीक खाच लागते.

धन्यवाद.