टाउन्सव्हिलचा सात नंबर

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचा अंतिम सामना जिंकणाऱ्या खेळाडूंना विजेतेपदाची अंगठी देण्याची रीत आहे. 2004 साली सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्ज संघानं सिडनी रूस्टर्सला 16-13 असं हरवलं. बुलडॉग्जच्या राखीव बाकावरून मैदानात आलेला एक 21 वर्षांचा पोरगा त्या दिवशी विजेता ठरला. त्याला संघात जागा मिळाली होती ती कर्णधार स्टीव्ह प्राइस दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता म्हणून. सामना संपला, अंगठी हातात आली, आणि त्या पोरानं ती प्राइसला देऊन टाकली. या अंगठीवर खरा हक्क कर्णधाराचा आहे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

त्याचं नाव जोनाथन थर्स्टन. अंगठी देऊन टाकणं ही मोठ्या मनाची गोष्ट आहेच. पण त्यानंतर स्वतःच्या हक्काची अंगठी मिळवायला त्याला 11 वर्षं लागली. त्या 11 वर्षांत तो किती वेळा अगदी दारापर्यंत जाऊन परतला, हे कळल्यावर माझा जीव या खेळाडूवर जडला. आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. रग्बीचे दोन प्रकार आहेत. त्यातला लीग हा प्रकार 1895 साली उत्तर इंग्लंडमध्ये वेगळा झाला. तिथले खेळाडू खाणकामगार, गिरणीकामगार होते. खेळासाठी कामावर खाडा झाला की मजुरी बुडायची. ती भरून मिळावी अशी त्यांच्या क्लबांची मागणी होती. ती नाकारली गेली आणि क्लब बाहेर पडले. 1908 पासून हा खेळ सिडनीत रुजला. ऑस्ट्रेलियात तो आजही कष्टकऱ्यांचा खेळ मानला जातो, तो काही उगाच नाही.

एका बाजूला 13 खेळाडू, सामना 80 मिनिटांचा. चेंडू हातानं फक्त मागच्या दिशेला द्यायचा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरचे तिघेचौघे मिळून धरतात, आडवा करतात. कबड्डीतली पकड ज्यानं जवळून पाहिली आहे, त्याला हे चटकन उमगेल. पकडला गेलेला खेळाडू उठतो, चेंडू पायानं मागे ढकलतो, खेळ पुन्हा सुरू. अशी सहा वेळा पकड झाली की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. म्हणून सहाव्या पकडीआधी बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू पुढे धाडतात. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की तो ट्राय, त्याचे 4 गुण. ट्रायनंतर खांबांमधून किक मारली की आणखी 2. तिला कन्व्हर्जन म्हणतात. आणि खेळ चालू असताना हातातला चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच खांबांमधून मारला, तर फील्ड गोल. त्याचा गुण सहसा फक्त 1. हा एक गुण तेवढा लक्षात ठेवा.

या सगळ्याचा मेंदू म्हणजे हाफबॅक, पाठीवर 7 आकडा असलेला खेळाडू. चेंडू कुणाला, कधी, कुठल्या बाजूला, की स्वतःच घेऊन घुसायचं, हे तो ठरवतो. थर्स्टन हा सात नंबर.

त्याचा जन्म 1983 चा, ब्रिस्बेनचा. आई गुंगारी या आदिवासी समाजातली, वडील न्यूझीलंडचे. गुंगारींचा मुलूख क्वीन्सलँडच्या आतल्या बाजूला, मिचेल गावाच्या आसपासचा. तिथून जवळच रोमा नावाचं गाव आहे, आर्थर बीटसनचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय रग्बी लीग संघाचा कर्णधार झालेला बीटसन हा पहिला आदिवासी खेळाडू. हे 1973 सालचं. आदिवासी पोरांना या खेळात आपली माणसं दिसत आली आहेत, आणि थर्स्टनच्या बाबतीत ही ओळ फार महत्त्वाची आहे.

पोरगा गुणी होता, पण अंगानं किरकोळ. शंभर-शंभर किलोचे गडी अंगावर येणार, त्यांना हा अडवणार कसा, या शंकेनं क्लब त्याला घेईनात. घराजवळच्या बलाढ्य ब्रिस्बेन ब्रॉन्कोजनंही त्याला घेतलं नाही. घेतलं ते दूर सिडनीच्या बुलडॉग्जनं. 2002 मध्ये तो त्यांच्याकडून पहिल्यांदा वरच्या श्रेणीत खेळला. पण तिथे त्याच्या जागेवर नावाजलेले खेळाडू आधीच होते. अंगठीचा तो प्रसंग झाला आणि 2005 मध्ये त्यानं उत्तरेची वाट धरली, नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज या संघाकडे.

काउबॉइजचं गाव टाउन्सव्हिल. ब्रिस्बेनपासून 1,300 किलोमीटरहून लांब. गरम, दमट हवा, एका बाजूला समुद्र, आणि गावाबाहेर पडलं की दक्षिणेला बर्डेकिन नदीच्या पाण्यावर वाढलेला ऊसच ऊस. 1995 मध्ये हा संघ लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात तळाला राहिला. पुढची काही वर्षंही फार वेगळी नव्हती. सिडनीच्या संघांना तिकडे जायचं म्हणजे लांबचा प्रवास आणि घामाच्या धारा, एवढीच त्या गावाची धास्ती.

थर्स्टन आला त्याच वर्षी काउबॉइज पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचले. वेस्ट्स टायगर्सनं त्यांना 30-16 असं हरवलं. थर्स्टनला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक मिळालं. हे पदक त्यानं पुढे 2007, 2014 आणि 2015 मध्येही पटकावलं. चार वेळा ते मिळवणारा तो पहिलाच. पण पदक एकट्याचं असतं. अंगठी मात्र संघानं जिंकावी लागते.

त्याच 2005 मध्ये तो क्वीन्सलँडकडून स्टेट ऑफ ओरिजिनमध्ये उतरला. क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स, वर्षाला तीन सामने, 1980 पासून चालत आलेली ही लढत. ज्या राज्यात तुम्ही घडलात, त्या राज्याकडूनच खेळायचं, मग तुमचा क्लब कुठलाही असो. एरवी क्लबात खांद्याला खांदा लावून खेळणारे या दिवसांत एकमेकांना आडवे करतात. पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, शेवटच्या मिनिटांत संघ एका गुणानं मागे असताना या नवख्यानं फील्ड गोल मारून बरोबरी साधली. जादा वेळात मॅट बोवेननं समोरच्यांचा पास मधेच पकडून ट्राय केला आणि क्वीन्सलँडनं सामना 24-20 असा जिंकला. ती मालिका हातची गेली, पण 2006 ते 2013 अशा सलग आठ मालिका क्वीन्सलँडनं जिंकल्या. असं आधी कधी झालं नव्हतं. आणि 2005 ते 2016 या काळात थर्स्टन ओरिजिनचा एकही सामना चुकला नाही. सलग 36 सामने! इतक्या आडदांड खेळात हा आकडा माझ्या मते त्याच्या सगळ्या पदकांहून मोठा आहे. अंगानं किरकोळ म्हणून नाकारलेला होता ना हा?

त्याचा खेळ कसा होता, हे 2008 च्या तिसऱ्या सामन्यातून सांगतो. सिडनीत निर्णायक लढत, बरोबरीची चुरस. थर्स्टन चेंडू घेऊन आडवा सरकतो, डोळे आणि हात सहकाऱ्याकडे, जणू आता पास देणारच. बचाव करणारे त्या सहकाऱ्याकडे झुकतात. पास जात नाही. उघडलेल्या फटीतून थर्स्टन स्वतःच निसटतो, पुढचा आडवा येईपर्यंत चेंडू छातीशी धरून ठेवतो आणि मग बिली स्लेटरच्या हातात देतो. ट्राय, आणि त्याबरोबर मालिकाही. सगळी करामत आहे ती त्या थांबण्यात. अंगावर येणारा गडी दिसत असताना, मार बसणार हे ठाऊक असताना, आणखी अर्धा क्षण चेंडू हातात ठेवायचा. मार खायची तयारी असल्याशिवाय हा पास देताच येत नाही.

इकडे क्लबात मात्र दरवर्षी काही ना काही आडवं येत होतं. 2013 च्या बाद फेरीत क्रोनुला शार्क्सनं एक ट्राय चक्क सातव्या पकडीवर केला. पंचांची मोजणी चुकली होती. काउबॉइज 18-20 असे हरले, घरी परतले. 2014 मध्ये रूस्टर्सविरुद्ध ते 0-30 असे मागे पडले होते. तिथून चढत 30-30 अशी बरोबरी केली. रूस्टर्सनं एका फील्ड गोलनं आघाडी घेतली, आणि अगदी शेवटी काउबॉइजनं केलेला ट्राय पास पुढे गेला म्हणून नाकारला गेला. 30-31! टाउन्सव्हिलच्या माणसांनी हे कसं सोसलं असेल, याचा विचार केला तरी मला गलबलून येतं.

मग 4 ऑक्टोबर 2015. सिडनीतलं ऑलिम्पिकचं स्टेडियम, 82,758 प्रेक्षक. क्वीन्सलँडचेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर, हे लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. काउबॉइजच्या समोर ब्रिस्बेन ब्रॉन्कोज, ज्यांनी थर्स्टनला घेतलं नव्हतं तेच. मध्यंतराला ब्रॉन्कोज 14-12 असे पुढे. नंतर 16-12. घड्याळ सरत चाललेलं. शेवटच्या काही सेकंदांत काउबॉइजनं चेंडू उजवीकडे फिरवला. मायकेल मॉर्गननं दोनतीन जणांना अंगावर घेतलं आणि पडता पडता चेंडू काइल फेल्टकडे दिला. फेल्टनं अगदी कोपऱ्यात ट्राय केला. भोंगा वाजला. 16-16.

आता कन्व्हर्जन. सीमारेषेजवळून, उजव्या काठावरून. आत गेली की काम फत्ते. थर्स्टन चेंडू ठेवतो, मागे येतो, खांबांकडे बघतो, पळत येऊन मारतो. चेंडू हवेत वळत वळत येतो आणि उजव्या खांबावर आदळून बाहेर पडतो.

रेडिओवर हे सांगताना मी मुद्दाम थांबलो. 11 वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका खांबानं परत पाठवलं, अशा वेळी माणसाच्या मनाचं काय होत असेल? थर्स्टन खाली बसला, पण पटकन उठला. कारण आता जादा वेळ होता, गोल्डन पॉइंट. जो पहिला गुण मिळवेल तो विजेता.

काउबॉइजनं सुरुवातीचा चेंडू उंच मारला. ब्रॉन्कोजच्या बेन हंटच्या हातातून तो निसटला. आपल्याच रेषेच्या जवळ. बिचारा हंट! त्या एका निसटत्या चेंडूची आठवण त्याला पुढे कित्येक वर्षं करून दिली गेली, आणि मला तो त्याच्यावर अन्याय वाटतो. एवढा चांगला खेळाडू, तोही क्वीन्सलँडचाच. चेंडू काउबॉइजकडे आला. काही पकडी झाल्या, खांब समोर आले. चेंडू थर्स्टनकडे. जमिनीवर टाकला, उसळला, मारला. एक गुण. 17-16.

लीगमध्ये आल्यापासून 20 वर्षांनी काउबॉइजचं हे पहिलं विजेतेपद. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून क्लाइव्ह चर्चिल पदकही त्यालाच. सामन्यानंतरचं एक छायाचित्र देशभर फिरलं. थर्स्टन मैदानावर बसलाय, जवळ त्याची चिमुकली लेक, आणि लेकीच्या हातात काळ्या रंगाची बाहुली. बाहुल्या गोऱ्याच असतात हे गृहीत धरणाऱ्या देशात ते छायाचित्र अनेक आदिवासी आयांनी आपलं म्हणून पाहिलं असणार. त्यासाठी कुणी भाषण केलं नव्हतं. घरातलं खेळणं लेकीबरोबर मैदानावर आलं, एवढंच.

तो निवृत्तीच्या जवळ येत होता, तरी त्याची एक किक सांगायची राहिली आहे. 2017 च्या ओरिजिनचा दुसरा सामना. पहिला सामना खांद्याच्या दुखण्यामुळे तो खेळू शकला नव्हता, आणि क्वीन्सलँड 4-28 असे सपाटून हरले होते. दुसऱ्यात तो आला, आणि सामन्यात लवकरच तो खांदा पुन्हा गेला. तो मैदान सोडेना. क्वीन्सलँड 6-16 असे मागे होते, तिथून 12-16 पर्यंत आले. शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना डेन गगाईनं ट्राय करून 16-16 केलं. कन्व्हर्जन पुन्हा काठाजवळून. एक हात अंगाशी धरून, जवळजवळ लोंबकळत असलेला, त्यानं किक मारली. या वेळी खांबांच्या आतून. 18-16. तिसऱ्या सामन्याला तो नव्हता, शस्त्रक्रियेमुळे त्याचा त्या वर्षीचा उरलेला सगळा हंगामच बुडाला. पण क्वीन्सलँडनं मालिका जिंकली. काउबॉइजही त्याच्याशिवाय, आठव्या क्रमांकावरून, अंतिम सामन्यापर्यंत गेले. तिथे मेलबर्न स्टॉर्मनं त्यांना 34-6 असं धुतलं, पण एका सात नंबरवर चालणारा संघ त्याच्याशिवाय इथवर पोहोचला, यातही त्याची शिकवण दिसते असं मी मानतो.

2018 मध्ये तो निवृत्त झाला. 323 लीग सामने, ऑस्ट्रेलियाकडून 38 कसोटी सामने. सामना संपल्यावर डोक्यावरचं संरक्षक शिरस्त्राण काढून कुंपणाजवळच्या एखाद्या मुलाला देण्याची त्याची सवय होती. आदिवासी मुलांचं शिक्षण आणि हक्क यांसाठी केलेल्या कामाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगानं 2017 मध्ये त्याला आपलं पदक दिलं. आता त्याच्या नावाची अकादमी तरुणांना शिक्षण आणि रोजगारासाठी मदत करते.

श्रोतेहो, 2015 च्या त्या अंतिम सामन्याचं चित्रण मिळालं, तर शेवटची दहा मिनिटं जरूर बघा. मात्र चेंडूवर नजर ठेवू नका. चेंडू दुसऱ्याकडे असताना सात नंबर कुठे उभा आहे, कुणाला काय खुणावतोय, तेवढं बघा. आणि या खेळाचा नवा हंगाम पाहायचा असेल, तर तो साधारण मार्चच्या सुरुवातीला सुरू होतो आणि सहसा ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. नमस्कार.