मुंबई अजून किती दूर? – विमानाला वाट दाखवणाऱ्या लहरी

(जुन्नर तालुक्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त वैमानिकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली असताना, तुमच्या जुन्नरच्या डोंगरात एक मोठं जेट विमान आदळलं. घरातल्या जुन्या माणसांकडून तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलंही असेल. अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ विमान होतं. सिडनीहून निघालेलं, बँकॉकहून मुंबईला येत होतं, पुढे रोमला जायचं होतं. विमानातले सगळेच्या सगळे, ९४ जण, गेले. चौकशीत जे कारण निघालं ते दिशादर्शनातल्या चुकीचं होतं. आपण मुंबईच्या जवळ पोचलो, असं वैमानिकाला वाटलं. प्रत्यक्षात मुंबई अजून ऐंशीहून जास्त किलोमीटर दूर होती. त्यानं वेळेआधीच विमान खाली आणायला घेतलं. पावसाळ्यातली रात्र, बाहेर काही दिसत नाही, आणि मधे सह्याद्री.

अहवालात त्याशिवाय तीन गोष्टी नोंदवल्या आहेत. ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान गेलं. या भागातल्या डोंगरांची वैमानिकांना ओळख नव्हती. आणि हाताशी असलेली दिशादर्शनाची साधनं वापरून आपण नक्की कुठे आहोत, याची खात्री करून घेतली गेली नाही. या तिसऱ्या गोष्टीसाठी मी आज इथे आलो आहे. साधनं होती, ताडून पाहिलं गेलं नाही. आयुष्यभर विमानं उडवल्यावर माझं असं ठाम मत झालं आहे की दिशादर्शनाचं कुठलंही एकटं यंत्र, ते कितीही आधुनिक असो, वैमानिकानं एकट्याच्या भरवशावर घेऊ नये. ते का, हे समजायचं तर प्रत्येक यंत्र कुठे आणि कसं फसवतं, हे कळायला हवं.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात साधं यंत्र म्हणजे एनडीबी. जमिनीवर एक ट्रान्समीटर, आपल्या आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या आसपासच्या लहरींवर सगळीकडे सारखा संकेत सोडणारा. विमानात एडीएफ नावाचं दिशा दाखवणारं यंत्र असतं, त्याची सुई त्या ठाण्याकडे वळते. एवढंच. पण जवळ वीज कडाडणारा ढग असला तर सुई त्या ढगाकडेही वळते. रात्री आकाशातून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरी मिसळतात आणि सुई डोलायला लागते. किनाऱ्यावर, जमीन आणि समुद्र यांच्या सीमेवर, लहर थोडी वाकते आणि दिशा चुकते. म्हणजे पावसाळ्यातल्या रात्री कोकण किनाऱ्यावर, जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ही सुई सर्वांत कमी भरवशाची.

त्यानंतरचं व्हीओआर मला मनापासून आवडतं, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घेतो. डोळ्यांसमोर एक दीपस्तंभ आणा. त्याचा एक झोत गोल फिरतो आहे, आणि तो झोत बरोबर उत्तरेला आला की एक दिवा सगळ्या दिशांना एकदम चमकतो. तुम्ही समुद्रात कुठेही असा, चमक दिसल्यापासून झोत अंगावर येईपर्यंतचा वेळ मोजलात की तुम्ही दीपस्तंभाच्या कुठल्या दिशेला आहात ते कळतं. व्हीओआर हेच काम रेडिओनं करतं. दोन संकेत असतात, दोन्हींची आवर्तनं सेकंदाला ३०. एक सगळीकडे सारखा पोचतो, दुसऱ्याचा टप्पा, म्हणजे फेज, दिशेनुसार बदलत जातो. चुंबकीय उत्तरेला दोन्ही संकेत एकाच टप्प्यात असतात, पूर्वेला त्यांच्यात ९० अंशांचा फरक, दक्षिणेला १८०. विमानातला रिसीव्हर हा फरक मोजतो आणि तुम्ही कितव्या रेडियलवर, म्हणजे ठाण्यापासून निघणाऱ्या कितव्या अंशाच्या रेषेवर, आहात ते सांगतो. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात हे चालतं, म्हणजे तुमच्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे विजेच्या कडकडाटाचा त्रास फारसा नाही.

मर्यादा मात्र आहेत. या लहरी सरळ रेषेत जातात. ठाणं आणि विमान यांच्यामध्ये डोंगर आला की संकेत संपला. मुंबईकडे येताना तुम्ही सह्याद्रीच्या पूर्वेला फार खाली असलात, तर नेमकं ज्या वेळी विचारायचं त्याच वेळी उत्तर मिळत नाही. दुसरं म्हणजे अंशाची चूक अंतराबरोबर वाढते. ६० सागरी मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे एक सागरी मैल. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही की व्हीओआर दिशा सांगतं, अंतर नाही. मुंबई पश्चिमेला आहे, हे उत्तर जुन्नरवरही बरोबर असतं आणि ठाणे शहरावरही.

प्रत्येक ठाणं मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड सुरांच्या सांकेतिक भाषेत, आपली ओळख पाठवत असतं. मुंबईच्या व्हीओआरची ओळख बीबीबी. वैमानिकानं आकडा लावला की कान देऊन ती ओळख ऐकायची, अशी शिस्त आहे. ठाण्याची दुरुस्ती चालू असेल तर ओळख बंद ठेवतात. सुई हलत असेल, स्थिरही दिसत असेल, पण ओळख ऐकू येत नसेल तर ती सुई नाही असंच धरायचं. आता बऱ्याच विमानांत ती ओळख पडद्यावर अक्षरांत उमटते आणि तरुण वैमानिकांची कानाची सवय जाते आहे. मला त्याची काळजी वाटते.

अंतराचं काम डीएमई करतं. इथे विमान स्वतः विचारतं आणि जमीन उत्तर देते. विमान स्पंदांची एक जोडी सोडतं, ठाणं ती ऐकून बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबतं आणि जोडी परत पाठवतं. जाऊन येण्याचा वेळ मोजायचा, ते ५० वजा करायचे, आणि दर १२.३६ मायक्रोसेकंदांना एक सागरी मैल. आता असा प्रश्न पडायला हवा की एकाच ठाण्याला शंभर विमानं विचारत असतील तर आपलं उत्तर कुठलं, हे कसं कळतं? प्रत्येक विमान आपल्या प्रश्नांमधलं अंतर मुद्दाम अनियमित ठेवतं. येणाऱ्या गर्दीतली जी उत्तरं आपल्या त्या अनियमित तालाशी जुळतात, तेवढीच आपली. बाकीची दुसऱ्यांची. ही कल्पना मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा वहीवर कितीतरी वेळ आकृत्या काढत बसलो होतो. डीएमई देतं ते अंतर तिरकं असतं, हे मात्र लक्षात ठेवायचं. ३६ हजार फुटांवरून तुम्ही ठाण्याच्या अगदी डोक्यावर आलात तरी ते सुमारे सहा मैल दाखवतं.

धावपट्टीवर उतरवणाऱ्या आयएलएसबद्दल थोडक्यात सांगतो. धावपट्टीच्या मध्यरेषेच्या दोन बाजूंना दोन वेगळे सूर, ९० आणि १५० हर्ट्झचे. दोन्ही सारखे मिळाले की तुम्ही मध्यरेषेवर. उंचीसाठीही तसंच, साधारण तीन अंशांच्या उतारावर. दिल्लीच्या हिवाळ्यातल्या धुक्यात विमानं उतरतात ती याच्या जोरावर. पण धावपट्टीजवळ चुकीच्या जागी एखादं विमान किंवा वाहन उभं राहिलं तरी झोत वाकू शकतो, म्हणून धुक्याच्या दिवशी जमिनीवरच्या विमानांना धावपट्टीपासून जास्त लांब थांबवतात. प्रवासी वैतागतात. कारण हे आहे.

आता उपग्रह. त्याआधी आणखी एक अपघात, कारण जीपीएस तुमच्या खिशात येण्याशी त्याचा थेट संबंध आहे. ३१ ऑगस्ट १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं उड्डाण अलास्कातल्या अँकरेजहून सोलला निघालं. ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाला जोडला जायला हवा होता. तो एका ठरावीक दिशेवरच राहिला. अँकरेजचं व्हीओआर त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद होतं. पुढे अलास्कातल्याच बेथेल इथे विमान मार्गाच्या सुमारे १२ मैल उत्तरेला होतं. तिथे ते लक्षात आलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पाच तासांहून जास्त काळ विमान मार्गापासून दूर दूर जात राहिलं, सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानानं पाडलं. २६९ माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की लष्करासाठी उभारली जात असलेली जीपीएस यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी विमानांना वापरता येईल.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. प्रत्येक उपग्रह सांगतो ते एवढंच: मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. चार उपग्रहांचं ऐकलं की रिसीव्हर स्वतःची जागा आणि स्वतःच्या घड्याळाची चूक, दोन्ही काढतो. सापेक्षतेमुळे तिथली घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती आधीच केलेली असते, नाहीतर रोज किलोमीटरांनी चूक साठत गेली असती. १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण झाली. नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली.

भारतात या संकेताला आणखी एक अडचण येते. आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, जाताना लहर थोडी रेंगाळते, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या देशांवर हा थर फार अस्थिर असतो. त्याचा सर्वांत दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपासच्या आकाशात येतो. अमेरिकेत बसवलेलं गणित इथे जसंच्या तसं चालत नाही. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी म्हणून गगन ही यंत्रणा उभी केली. देशभरात जमिनीवर संदर्भ ठाणी, ती जीपीएसची चूक सतत मोजतात, आणि जीसॅट उपग्रहांवरून दुरुस्ती विमानांना पाठवली जाते. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरी सोय: उपग्रहाचं उत्तर भरवशाचं राहिलं नाही, तर काही सेकंदांत विमानाला तसा इशारा मिळतो. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या मार्गदर्शनावर उतरलं. जिथे आयएलएस बसवणं परवडत नाही अशा छोट्या विमानतळांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती आपल्याच लोकांनी केली आहे.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग जुनी ठाणी काढून टाका. तसं म्हणणारे आमच्या क्षेत्रातही आहेत. तुमच्याच खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, त्यामुळे क्षीण संकेत म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जीपीएसचा संकेत जमिनीपर्यंत येतो तेव्हा रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही क्षीण असतो. एक छोटा ट्रान्समीटर तो बुडवू शकतो. त्याला जॅमिंग म्हणतात. स्पूफिंग त्याहून वाईट. त्यात खोटा संकेत खऱ्यासारखा बनवून पाठवतात आणि रिसीव्हर शांतपणे चुकीची जागा दाखवतो. २०२३ च्या उत्तरार्धात इराक-इराणच्या आकाशात प्रवासी विमानांना हे मोठ्या प्रमाणावर जाणवायला लागलं. सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, अशा व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या.

एकदा खोटी जागा आत शिरली की ती एकाच पडद्यावर थांबत नाही. कॉकपिटमधलं घड्याळ जीपीएसवर चालतं, ते भलतीच वेळ दाखवतं. समोर डोंगर आहे, वर खेचा, असं ओरडून सांगणारी जमिनीच्या धोक्याची यंत्रणाही जागेसाठी जीपीएसच बघते. स्पूफिंग झालं की सपाट समुद्रावरही ती ओरडते. दोन-चार वेळा असं झालं की माणूस तिच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो, आणि मला सर्वांत जास्त भीती याची वाटते. १९६२ साली ही यंत्रणा असती तर त्या ९४ जणांपैकी बरेच, कदाचित सगळे, वाचले असते. आज ती आहे. तिच्यावरचा विश्वास उडू देणं आपल्याला परवडणारं नाही.

अशा वेळी विमान कशावर टिकतं? एक, स्वतःच्या इनर्शियल यंत्रणेवर, जी विमानाच्या हालचाली मोजून जागा काढते आणि बाहेरून काहीच ऐकत नाही. पण तिची चूक दर तासाला वाढत जाते. आणि दुसरं, जमिनीवरच्या त्याच जुन्या ठाण्यांवर. दोन डीएमईंची अंतरं मिळाली की विमानातला संगणक आपली जागा पुन्हा काढतो. व्हीओआरचा रेडियल आणि डीएमईचं अंतर नकाशाशी ताडून पाहिलं की खोटं उघडं पडतं, कारण शेकडो किलोमीटर दूर बसून कुणी जीपीएसशी खेळला तरी मुंबईच्या व्हीओआरला त्याचा धक्का लागत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हे दिल्लीत दिसलं. १० क्रमांकाच्या धावपट्टीवर जीपीएसच्या आधारे उतरणाऱ्या विमानांना स्पूफिंगचा त्रास झाला. त्याच विमानतळावर ज्या धावपट्ट्यांना पारंपरिक साधनं होती, तिथली वाहतूक सुरळीत चालू राहिली. नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत हे सांगितलं आणि पारंपरिक साधनांचं किमान जाळं देशात कायम ठेवलं आहे, असंही सांगितलं. अमेरिकेनंही व्हीओआर ठाणी कमी करताना तसं जाळं मुद्दाम राखलं आहे.

माझी मागणी त्याच्या पुढची आहे. किमान या शब्दाची व्याख्या खर्चाच्या तक्त्यावर होऊ नये. सह्याद्रीसारख्या डोंगररांगेच्या दोन्ही बाजूंना, उतरायला सुरुवात करण्याच्या उंचीवर, प्रत्येक विमानाला किमान दोन डीएमई स्वच्छ मिळायला हव्यात, आणि ते कागदावर न मानता विमान उडवून मोजायला हवं. प्राधिकरणाकडे त्यासाठी खास तपासणी विमानं आहेत. ती प्रत्येक ठाण्याचा झोत हवेत फिरून पारखतात. या ठाण्यांची राखण करणारे लोक इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले असतात, त्यांची भरती होत असते, आणि हे काम पडद्यावर कधी दिसत नसल्यामुळे तुमच्यासारख्या मुलांपर्यंत त्याची माहिती पोचत नाही. तुमच्यापैकी ज्यांना लहरी, अँटेना, मोजमाप यांत रस आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर माझ्याकडे या. अभ्यासक्रम कुठला, परीक्षा कुठली, ते सविस्तर सांगतो.