रेडकू कुठं गेलं?

पुणे-नाशिक हायवेवर आळेफाटा लागतो, एसटीने फिरलेल्या माणसाला हे नाव नव्याने सांगावं लागत नाही. फाट्यापासून जवळच आळे गाव, तालुका जुन्नर, आणि आत्ता तुम्हाला जे मंदिर दिसतंय ते एका रेड्याच्या समाधीचं आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, परतीच्या वाटेवर तो इथं गेला आणि माउलींनी स्वतः त्याला समाधी दिली अशी श्रद्धा आहे. लोक लांबून येतात, डोकं टेकवतात, नारळ फोडतात. त्याच कथेत अजून एक प्रसंग सांगतात, आसूड रेड्याच्या पाठीवर ओढला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. मला तो प्रसंग वेद म्हणण्यापेक्षाही मोठा वाटतो, खरंच. त्याचं दुखणं ते माझं दुखणं, हे आपल्याकडे इतक्या सरळ सांगून झालंय आणि ते सुद्धा शेकडो वर्षांपूर्वी.

आता मंदिरातून बाहेर पडून आजूबाजूच्या कुठल्याही वस्तीवर जा. जुन्नर, आंबेगाव, पलीकडे संगमनेर, हा सगळा दुधाचा पट्टा आहे. पहाटे कॅन घेऊन डेअरीला निघालेल्या बाइक दिसतील, गोठ्यात डोकावलं तर दावणीला म्हशी, संकरित गाई, कोपऱ्यात एखादी वगार, एखादी कालवड. रेडा मात्र सहसा दिसणार नाही. आणि निसर्ग तर नर-मादी जवळपास अर्धे-अर्धेच जन्माला घालतो ना, मग ते अर्धे जातात कुठं, एवढाच प्रश्न घेऊन आम्ही हा व्हिडिओ करायला बाहेर पडलो.

आधी आकडा बघू, कारण नुसतं मी म्हणते म्हणून कुणी विश्वास ठेवू नये. 2019 ची पशुगणना, देशातली विसावी. त्यात म्हैसवर्गातली जनावरं जवळपास 11 कोटी निघाली आणि त्यातल्या माद्या 10 कोटींच्या वर. म्हणजे नर एक कोटी सुद्धा नाहीत. त्याआधी 2012 ला हेच नर एक कोटी साठ लाखांच्या आसपास होते, सात वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घटले, आणि त्याच सात वर्षांत माद्या मात्र वाढल्या. कुठलाही रोग असा फक्त नरांना निवडून मारत नाही.

शहरात वाढलेल्या बऱ्याच जणांना, आणि यात शिकले सवरलेले लोक पण आले, असं वाटत असतं की म्हैस आपली बारा महिने दूध देते, झाडाला जशी फुलं येतात तसं. तसं नसतं हो. म्हैस दूध देते कारण ती व्यायलेली असते. दहा महिने आणि वर काही दिवस पोटात वाढवलेलं पिल्लू असतं, त्याच्यासाठी तो पान्हा असतो. दूध हवं तर ती परत गाभण राहिली पाहिजे, परत व्यायली पाहिजे, आणि प्रत्येक वेताला एक जीव जन्माला येणारच. मादी असली तर वगार म्हणून वाढवायची, उद्या ती पण दावणीला उभी राहील. नर झाला तर घरात तोंडं उतरतात. रेडकू झालं म्हणून कुणी पेढे वाटत नाही.

व्यायल्यावर पहिला येतो तो चीक. आपल्याकडे चीक आला की शेजारच्या घरी सुद्धा वाटी जाते, वेलदोडा घालून वाफवलेला खरवस आवडत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. पण त्या चिकाचं काम काय आहे ते ऐका. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडीफार प्रतिकारशक्ती मिळते, गाई-म्हशीच्या पिल्लाला ती मिळत नाही, ते जवळजवळ कोरं जन्माला येतं. आजाराशी लढायची सगळी ताकद त्याला चिकातूनच मिळते आणि ती सुद्धा पहिल्या काही तासांत, दिवस उलटला की त्याचं आतडं ते शोषून घेऊच शकत नाही. ज्या गोठ्यात रेडकाला पोटभर चीक पाजतात तिथं ते जगतं. जिथं वाटीवर नजर असते तिथं पुढच्या काही दिवसांत हगवण लागते, न्यूमोनिया होतो, आणि मग म्हणतात रेडकू टिकलं नाही. मारलं कुणीच नाही, हेही खरंच असतं.

याच्यात शेतकऱ्याला शिव्या घालणारे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत आणि मला ते अजिबात पटत नाहीत. साधा हिशोब करा. रेडकाला दिवसाला तीन लिटर दूध लागतं असं धरलं, लिटरला 50 रुपये धरले, तर रोजचे 150, आणि तीन महिने पाजलं तर 13,500 रुपये. त्याच्यापुढे वैरण, पेंड, डॉक्टर. आणि वाढवून करायचं काय, शेत ट्रॅक्टरने होतं, पाणी मोटरने येतं, रेडा जुंपायला आता लागतो कुठं. रेतन सुद्धा कांडीने, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीने होतं. ज्याच्या दुधाला भाव नाही, 2024 मध्ये गाईच्या दुधाचे दर इतके पडले की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यायला लागलं, तो माणूस रेडकावर तेरा हजार घालवेल अशी अपेक्षा आपण एसी मध्ये बसून करायची? आणि हाच शेतकरी 2019 च्या दुष्काळात बीडला, नगरला, माणदेशात जनावरं घेऊन चारा छावणीत महिनोन् महिने राहिला, बायकापोरांसकट, ताडपत्रीखाली, घर सोडून. त्याला माया नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पण माया आहे आणि तरीही रेडकू मरतं, त्या हिशोबात आपण गिऱ्हाईक म्हणून बसलोय.

जे रेडकू जगतं ते व्यापाऱ्याकडे जातं. भाकड म्हैस पण तिकडेच जाते. आपण दूध आणि मटण यांना दोन वेगळ्या दुनिया समजतो, दूध म्हणजे सात्त्विक, देवाला चालणारं, पण जनावर तेच असतं, वाट तीच असते. भारत जगातल्या सगळ्यात मोठ्या म्हशीच्या मांसाच्या निर्यातदारांपैकी एक आहे, वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या वरची निर्यात, आणि हे मांस कुठल्या वेगळ्या मटणाच्या म्हशींचं नसतं, आपल्या दुधाच्याच म्हशींचं असतं. शाकाहारी घरातल्या चहापासून त्या कंटेनरपर्यंत सलग रस्ता आहे. मी स्वतः शाकाहारी घरातली आहे, हे समजायला मला खूप वर्षं लागली नसती तर बरं झालं असतं.

मुंबईच्या तबेल्यांचं गणित अजून कडक. 1949 मध्ये गोरेगावला आरे कॉलनी वसवली ती शहरभर पसरलेले तबेले एका जागी आणायला, तेव्हा ते मोठं आधुनिक काम मानलं गेलं आणि त्या काळात होतंही. पण शहराच्या जागेत न दूध देणारं तोंड पोसणं परवडत नाही. त्यामुळे ताजी व्यायलेली म्हैस बाहेरून आणायची, ते वेत संपेपर्यंत पिळायची, आटली की विकायची, दुसरी आणायची. यात पिल्लाला जागाच नाही. आणि म्हैस तर अशी की पिल्लू समोर नसलं की पान्हा चोरते, मग कुठं मेलेल्या पिल्लाच्या कातड्यात पेंढा भरून ते समोर उभं करायचं, ती बिचारी त्यालाच चाटते, कुठं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. हे इंजेक्शन कायद्याने गुन्हा आहे बरं का. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम 12, दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं काहीही टोचलं तर एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. आणि त्याच कायद्यात कलम 11 खाली साधी मारहाण, उपाशी ठेवणं वगैरे, पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरवलेला दंड. आज पन्नास रुपयांत दोघांचं धड पोटही भरत नाही.

गाईच्या नराचं काय होतं, तर तिथं गोष्ट थोडी वेगळी आहे. 1967 मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी बाएफ ही संस्था सुरू केली, गांधीजींचा माणूस, आणि जर्सी-होल्स्टिन संकर गावागावात नेला तो गरीब घरात दोन पैसे यावेत म्हणून, आणि ते आले सुद्धा. पण संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसतं, मानेवर जू बसत नाही, ऊन सोसत नाही, म्हणजे खिलार खोंडाला शर्यतीत आणि बाजारात जी किंमत आहे ती ह्याला शून्य. आणि 2015 पासून राज्यात गाईसोबत बैल-वळूच्या कत्तलीवर पण बंदी आली. मग ते गोऱ्हे हायवेच्या डिव्हायडरवर, बाजार समितीच्या उकिरड्यावर, रात्रीत कुणाच्या तरी दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडलेले. त्या बंदीत रेडा नाही. दोघांच्या पाठीवर काठी सारखीच लागते, पण कायद्याने एकाला वाचवायचं ठरवलं, तेही अन्नाची सोय न करता, आणि दुसऱ्याला त्या बंदीबाहेरच ठेवलं.

आता नवीन आलंय सेक्स्ड सीमेन, म्हणजे नव्वद टक्के मादीच होईल असं रेतन, सरकार त्यावर सवलत देतंय. अनेक लोक म्हणतात प्रश्न सुटला. माझं मत विचाराल तर उपाशी मरण्यासाठी जन्माला येण्यापेक्षा ते जन्मालाच न आलेलं मला बरं वाटतं, हे मी मोकळेपणी सांगते. पण याने मादीचं काय सुटलं? जन्मलेल्या सगळ्याच माद्या झाल्या तर त्या सगळ्या एक दिवस भाकड होणार, आणि तेव्हा परत तोच टेम्पो दारात.

दुधावर असे प्रश्न विचारणं हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही, असं मला कमेंटमध्ये रोज लिहावं लागतं म्हणून इथं नीट सांगते. गांधीजींनी गाई-म्हशीचं दूध सोडलं होतं, कारण फुका म्हणून जे करायचे, जनावराच्या अंगात हवा फुंकून शेवटचा थेंब काढायचा, ते त्यांनी ऐकलं होतं. 1918-19 च्या आजारपणात अंगात त्राण उरलं नाही, मुंबईचे डॉ. दलाल म्हणाले दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, गांधीजी म्हणाले माझं व्रत आहे, तेव्हा शेजारी कस्तुरबा होत्या, त्यांनी विचारलं मग बकरीच्या दुधाला काय हरकत आहे. आणि गांधीजींनी ते घेतलं. नंतर मात्र त्यांनी स्वतःच लिहिलंय की व्रताचा शब्द पाळला पण आत्मा गेला, आणि ते त्यांना सलत राहिलं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हे आवडतं की त्यांनी स्वतःला सूट दिली आणि ती सूट आहे हे लपवलं नाही.

अजून जवळचं बघायचं तर वसुबारस. दिवाळीचा पहिला दिवा आपण गाय-वासराला लावतो, नुसत्या गाईला नाही, पाडसासकट गाईला. आणि उपास करणाऱ्या बायका त्या दिवशी दूध, दही, तूप काही खात नाहीत. आजीला कारण विचारलं तर आजच्या दिवशी ते वासराचं, इतकंच सांगते. म्हणजे बाकीच्या दिवशी ते कुणाचं हे आपल्या घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं, वर्षातून एक दिवस का होईना त्यांनी ते पाळलं.

आणि गोठ्यात जे होतं ते गोठ्यात थांबत नाही. जनावर दुखतंय तर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचा, उभं करा, दूध काढा, असं वर्षानुवर्षं चाललं, मेलेलं जनावर माळावर टाकलं की गिधाडं यायची आणि त्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. नव्वदच्या दशकापासून काही जातींची देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली. कारण सापडेपर्यंत 2004 उजाडलं, जनावरांसाठी बंदी आली 2006 ला. पारशी समाजात मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, त्यांना मुंबईत डुंगरवाडीत अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली, कारण वरून उतरणारं कुणी राहिलंच नाही.

मग खायचं काय, हा प्रश्न येतोच आणि मला त्याचा राग येत नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं, झुणका, मटकीची उसळ, वांग्याचं भरीत, आमटी, थालीपीठ शेंगदाण्याच्या चटणीशी, कोकणात सोलकढी आणि ती नारळाच्या दुधाची. ह्यात कुठं दूध आहे? अडतं ते चहाला आणि मिठाईला. शेंगदाणे रात्री भिजवून सालं काढून वाटले, गाळले, उकळले की दूध होतं, चहाला वेगळी चव लागते हे मान्य, ताकासाठी मात्र ते छान विरजतं, हिरव्या मिरचीच्या देठाने सुद्धा लागतं विरजण, करून बघा. बी-बारा जीवनसत्त्वाची मात्र डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, यात हलगर्जीपणा करू नका, मी घेते.

आणि दूधवाल्या शेतकऱ्याचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळून व्हिगन होण्यात, म्हणजे दुधासकट जनावरांपासून येणारं सगळं सोडण्यात, मला अर्थ वाटत नाही. आज गाय घ्यायला कर्ज मिळतं, रेतनाला सवलत मिळते, भाव पडला तर लिटरमागे अनुदान मिळतं. त्याच घराला भुईमूग, तूर, नाचणीला हमखास खरेदी आणि तोच आठवड्याला हातात येणारा पगारासारखा पैसा मिळाला तर किती जण पहाटे चारला उठून कास धुवायला जातील, हे त्यांनाच विचारायला हवं. बाई माणसाला तर आधी विचारा, कारण शेण-पाणी तीच काढते. आम्ही गोठ्यागोठ्यात हेच विचारत फिरतोय, पुढचा भाग त्यांच्या उत्तरांचा आहे, आणि तुमच्या गावात दुधाचा धंदा असेल तर आम्हाला बोलवा, कॅमेरा घेऊन येऊ, आधी गोठ्यात बसून ऐकू आणि मग शूट करू.