एका खुंट्यावर दोघींचे हात

सभागृहातील सर्व वाचकांना नमस्कार.

आपल्या खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. घरोटाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून दळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आठवत असेल की खुंट्यावर दोघींचे हात एकाच वेळी असत, ओवीचा पहिला चरण एक उचली, दुसरी तो पुढे नेई, आणि खाली पडलेल्या पिठातले कोणाच्या जोराने किती पडले, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. पुस्तकावर दोन स्त्रियांची नावे दिसली की मात्र सर्वांत आधी हाच प्रश्न येतो : यातले कोणी किती लिहिले? मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की त्या एकत्र का बसल्या, आणि एकटीच्याने जे झाले नसते असे त्यांच्याकडून काय झाले.

मराठीत याचे मोठे उदाहरण म्हणजे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा हा इतिहास १९८९ साली प्रसिद्ध झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली होती. पण अशा परिषदांना गेलेल्या, सत्याग्रहात उभ्या राहिलेल्या, वस्तीत मुलींसाठी धडपडलेल्या बायकांचे नाव छापील इतिहासात क्वचितच सापडे. या दोघी त्या बायकांना शोधत त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांच्या मुलाखती घेतल्या. पुस्तकाच्या एका भागात चळवळीचा इतिहास आहे, दुसऱ्यात त्या स्त्रियांचे स्वतःचे सांगणे आहे, आणि दोन्ही एकमेकांना आधार देतात. मी खेड्यांतून थोडीफार गाणी उतरवून घेतली आहेत, म्हणून सांगते : म्हातारी बाई एकट्या परक्या बाईपुढे जेवढे बोलते, त्याहून पुष्कळ अधिक ती दोघींपुढे बोलते, कारण दोघी आल्या की चौकशीची बैठक राहत नाही, ओट्यावरच्या गप्पा सुरू होतात.

हेच पुस्तक एका ग्रंथालयात मागायला गेले, तेव्हा दाखलनोंदवहीत ‘लेखक’ या रकान्यात एकच नाव होते. रकाना अरुंद होता, एवढेच कारण मला सांगण्यात आले. ज्या बायकांची नावे इतिहासातून गळली त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या एका लेखिकेचे नाव वहीतून गळावे, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले, आणि अजूनही वाटते.

एकत्र लिहिणे नेहमी गोडीगुलाबीचे असते, असे मात्र समजू नये. उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यातल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी अभ्यासक ऋचा नागर यांच्यासह लिहिलेले ‘संगतिन यात्रा’ हे हिंदी पुस्तक २००४ साली आले. लिहिणाऱ्या नऊजणी होत्या. त्यांपैकी सातजणी गावपातळीवर काम करणाऱ्या. त्यांनी आपले बालपण, वयात येणे, लग्न आणि काम यांविषयी रोजनिशी लिहिली, ती एकमेकींना वाचून दाखवली, रडल्या आणि भांडल्याही. कोणाच्या घरचे पाणी कोणाला चालत नाही, कोणाच्या शिक्षणाला आणि भाषेला किती मान मिळतो, हे सारे त्या बैठकांत उघडे पडले. पुस्तकात ‘आम्ही’ असा शब्द येतो तेव्हा जातीधर्माची ही अंतरे त्याखाली दडपलेली नाहीत, आणि म्हणून माझा त्या शब्दावर विश्वास बसतो.

राजस्थानातील पंचाहत्तर ग्रामीण स्त्रियांनी घडवलेली ‘शरीर की जानकारी’ ही पुस्तिकाही १९८९ सालचीच, दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ने प्रकाशित केलेली. नागडे शरीर आमच्या गावात कधी दिसत नाही, मग ते पुस्तकात कसे, असा आक्षेप गावातून आला. त्यावर बायकांनी चित्रांतल्या माणसांना कपडे घातले आणि आतली माहिती कागदाची झडप उचलून पाहता येईल, अशी सोय केली. वाचणाऱ्या बायकांसारख्याच घरांत ज्यांचा जन्म गेला, त्यांनाच हे सुचले.

दूरच्या देशांतली उदाहरणे थोडक्यात सांगते. आयर्लंडमधल्या ईडिथ सॉमरव्हिल आणि व्हायोलेट मार्टिन या नात्याने दूरच्या बहिणी. त्यांनी कादंबऱ्या आणि विनोदी कथा मिळून लिहिल्या. १९१५ साली व्हायोलेट गेल्यावरही ईडिथने पुढची पुस्तके दोघींच्या नावानेच काढली. इंग्लंडमध्ये कॅथरीन ब्रॅडली आणि त्यांची भाची ईडिथ कूपर यांनी ‘मायकेल फील्ड’ हे एकच पुरुषी नाव घेऊन कविता आणि पद्यनाटके लिहिली. इतिहास, आत्मकथन, आरोग्य, कादंबरी, काव्य असे प्रकार बदलत जातात, तसा एकत्र येण्याचा हेतूही बदलतो : कोठे धीर हवा असतो, कोठे साक्ष, कोठे केवळ सोबत.

आता आपल्या घराकडे येते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोहोचली. खानदेशातल्या इतर असंख्य घरोटांवरची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी कागदावर आलीच नाहीत. ज्या सासूला गाणे येते तिला लिहिता येत नाही, आणि ज्या सुनेला लिहिता येते तिला अहिराणी बोलीतले निम्मे शब्द विचारावे लागतात, अशी आज पुष्कळ घरांची स्थिती आहे. म्हणजे सहलेखनाची सारी सामग्री एकाच चुलीपाशी आहे. या श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली लोकदेवी कानबाई बसेल, तिच्या नैवेद्याचे रोट होतील, रात्रभर गाणी होतील. त्या रात्री प्रत्येक गल्लीत एक वही असावी. तिच्या पहिल्या पानावर गाणाऱ्या सगळ्याजणींची पूर्ण नावे लिहावीत, उतरवून घेणारीचे नाव त्यांच्याच ओळीत यावे, शब्दांचा अर्थ सांगणारीचेही यावे, आणि दोन गल्ल्यांत एकच गाणे वेगवेगळे म्हटले जात असेल, तर दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवावेत.