तुकड्यात सगळं असतं, पण किती?

श्रोतेहो, नमस्कार.

'हे विश्व म्हणजे एक होलोग्राम आहे आणि आपली जाणीवही होलोग्रामसारखीच चालते,' हे वाक्य अलीकडे तुमच्या कानांवर पडलं असेल. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत ते येतं, ध्यानाच्या शिबिरांत येतं, कधी प्रवचनातही येतं. आणि ते ऐकलं की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, 'यात नवल ते काय? पिंडी ते ब्रह्मांडी! आपल्याकडे हे कधीचंच सांगून ठेवलंय.'

मला हा विषय फार जवळचा वाटतो, म्हणूनच तो अर्ध्यावर सोडलेला पाहवत नाही. प्रत्येक तुकड्यात सगळं सामावलेलं असतं, इथवर येऊन बहुतेक जण हात जोडतात. माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. तुकड्यात सगळं असतं, पण किती असतं? किती स्पष्ट असतं? गेल्या पाऊणशे वर्षांत काही माणसांनी हा प्रश्न सोडला नाही. त्यांच्या हाती काय लागलं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात खऱ्याखुऱ्या होलोग्रामपासून करू या. १९४७ साली डेनिस गाबोर नावाचे मूळचे हंगेरीचे अभियंते इंग्लंडमधल्या रग्बी गावी एका विद्युत कंपनीत काम करत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसणारं चित्र अधिक स्पष्ट कसं करता येईल, एवढीच त्यांची विवंचना होती. साध्या फोटोत काय नोंदलं जातं? कुठे उजेड जास्त आणि कुठे कमी, इतकंच. पण प्रकाश ही लाट आहे. एखाद्या जागी पोचताना ती माथ्यावर आहे की तळाशी, हेही महत्त्वाचं असतं, आणि फोटो नेमकं तेच टाकून देतो. म्हणून फोटोतली खोली हरवते. गाबोर यांनी वस्तूवरून येणाऱ्या लाटेला सोबत म्हणून दुसरी एक साधी, ठाऊक असलेली लाट दिली आणि दोघींची गाठ फोटोच्या काचेवर घालून दिली. माथ्याला माथा मिळाला तिथे उजेड, माथ्याला तळ मिळाला तिथे अंधार. या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांमध्ये लाटेची सगळी हकीकत उतरते. अशा पट्ट्यांची काच म्हणजे होलोग्राम. पुढे १९७१ मध्ये गाबोर यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

मात्र त्या वेळी एका लयीत चालणारा प्रकाशच हाताशी नव्हता. लेसर आला १९६० साली. त्यानंतर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी एका खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाचा होलोग्राम केला आणि १९६४ मध्ये तो दाखवला, तेव्हा पाहायला शास्त्रज्ञांची रांग लागली होती.

अशी काच नुसती हातात घेतली तर काहीच दिसत नाही. करडी, जराशी धुरकट काच. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर एका मिलिमीटरमध्ये हजाराच्या आसपास रेषा, इंजिनाचा मागमूस नाही. तीवर योग्य कोनातून लेसर पडला की काचेपलीकडे हवेत इंजिन उभं राहतं. डोकं डावीकडे नेलं की त्याची डावी बाजू दिसते, उजवीकडे नेलं की उजवी. आता त्या काचेवर काळा कागद चिकटवा आणि कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडा. भोकातून पाहिलं तर अख्खं इंजिन दिसतं! भोक दुसऱ्या कोपऱ्यात पाडलं तरी अख्खं इंजिन, फक्त त्या कोपऱ्यातून जसं दिसेल तसं. पण नीट पाहा. डोकं हलवायला आता जागा उरली नाही, म्हणून खोली कमी झाली. बारीकसारीक तपशील पुसट झाले. भोक आणखी लहान करत गेलं की इंजिन ओळखू येईनासं होतं. काचेच्या तुकड्यात सगळं असतं, पण तुकड्याच्या मापानं असतं. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे त्याची गाठ पडणार आहे.

या काचेची बातमी मेंदूवाल्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कार्ल लॅशले हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं उंदरांना चक्रव्यूहातली वाट शिकवत आणि मग त्यांच्या मेंदूच्या सालीचा थोडा थोडा भाग काढून, आठवण कोणत्या जागी ठेवलेली आहे, ते शोधत. जागा काही सापडली नाही. कुठला भाग काढला यापेक्षा किती भाग काढला यावर विसरणं अवलंबून होतं, असं त्यांना दिसलं. १९५० मध्ये त्यांनी हा सगळा शोध मांडला, तो बराचसा निराशेच्या सुरात. लॅशले यांच्यासोबत काम केलेले मेंदूशल्यविशारद कार्ल प्रिब्रम यांनी साठच्या दशकात होलोग्रामबद्दल वाचलं, आणि त्यांना ते उंदीर आठवले असणार. भोक लहान झालं तर चित्र पुसट होतं, हरवत नाही. मेंदू थोडा कापला तर आठवण पुसट होते, हरवत नाही. आठवणी मेंदूभर पट्ट्यांच्या रूपात पसरलेल्या असतात, असा सिद्धांत प्रिब्रम यांनी मांडला आणि २०१५ मध्ये वारले तोवर ते त्यावर काम करत राहिले.

ही कल्पना सुंदर आहे. पण तिच्यासमोर एका माणसाची हकीकत ठेवली पाहिजे. हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाचे अपस्माराचे झटके कमी व्हावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आणि त्याच्या आसपासचा काही भाग काढून टाकला. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं शाबूत राहिलं, लहानपणही आठवत होतं. नवीन आठवण मात्र तयार होईना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला येत आणि प्रत्येक वेळी त्यांची ओळख नव्यानं करून द्यावी लागे. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. पहिल्या दिवशी रेघ सारखी बाहेर जायची. तिसऱ्या दिवशी हात सफाईनं फिरू लागला, आणि आपण हे पूर्वी कधी केलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं! म्हणजे हाताची आठवण एकीकडे, प्रसंगाची आठवण दुसरीकडे, आणि प्रसंगाच्या आठवणीला एक ठरावीक वाट लागते. ती वाट तुटली की चित्र पुसट होत नाही, उमटतच नाही. सगळा मेंदू म्हणजे एक होलोग्रामची काच, हे या माणसापुढे टिकत नाही. आठवणी पसरलेल्या असतात हे खरं, पण मेंदूत नेमून दिलेल्या जागाही असतात.

गाबोर यांचं गणित मात्र दुसऱ्या दारानं मेंदूत शिरलंच. डोळ्यांकडून आलेला संदेश ज्या भागात पोचतो तिथल्या कितीतरी पेशी ठरावीक तिरपेपणाच्या, ठरावीक जाडीच्या पट्ट्या दिसल्या की जाग्या होतात, आणि त्यांचं वागणं गाबोर यांच्याच सूत्रांनी छान मांडता येतं, असं १९८० च्या सुमारास दिसून आलं. ते दाखवणाऱ्यांपैकी जॉन डॉगमन यांनी पुढे त्याच सूत्रांवरून माणसाच्या बुबुळाची ओळख पटवण्याची पद्धत काढली. आधारसाठी तुम्ही यंत्रात डोळे लावून बसला होतात ना? त्यामागे हेच गणित आहे.

आता जाणिवेकडून जगाकडे वळू या, कारण 'विश्वच होलोग्राम' ही कल्पना लोकांपर्यंत नेणारा मोठा माणूस म्हणजे डेव्हिड बोम. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध चालला होता त्या मॅकार्थीच्या काळात चौकशी समितीपुढे साक्ष द्यायचं नाकारलं म्हणून त्यांना अटक झाली. १९५१ मध्ये ते निर्दोष सुटले, तरी प्रिन्स्टनची नोकरी गेली ती गेलीच. मग ब्राझील, इस्रायल, आणि शेवटी लंडन. जे. कृष्णमूर्तींशी त्यांचे वर्षानुवर्षं संवाद चालले, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना ते त्या नात्यानं ठाऊक आहेत.

बोम यांना वाट दाखवली ती बीबीसीवर पाहिलेल्या एका प्रयोगानं. एकात एक बसवलेली काचेची दोन नळकांडी, मधल्या फटीत दाट ग्लिसरीन, आणि त्यात सोडलेला शाईचा एक थेंब. नळकांडं हळूहळू फिरवलं की थेंब ताणला जातो, त्याचा धागा होतो, धागा बारीक होत होत दिसेनासा होतो. कुणीही म्हणेल, शाई मिसळून गेली. मग तेच नळकांडं तितकंच उलटं फिरवायचं, आणि धागा गोळा होत होत थेंब पुन्हा जिथल्या तिथे! थेंब नाहीसा झाला नव्हता, द्रवात मिटून बसला होता. बोम म्हणाले, आपल्याला दिसणारं जग हे असं उलगडलेलं रूप आहे, त्याच्या तळाशी एक मिटलेली रचना आहे, आणि जड वस्तू व जाणीव या दोन्ही त्याच रचनेतून उलगडतात. होलोग्रामचा दाखला त्यांनी दिला, पण तो अपुरा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. काच स्थिर असते, जग तर सतत वाहतं. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य बहुधा गाळलेलं असतं. बोम १९९२ मध्ये गेले. मला ते विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रामाणिक विचारवंतांपैकी एक वाटतात. तरीही त्यांच्या रचनेत 'किती' या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कोणतं मोजमाप केलं तर ती चूक ठरेल, ते त्यातून निघत नाही.

ते उत्तर आलं अगदी वेगळ्या दिशेनं, प्रकाशालाही बाहेर पडू न देणाऱ्या कृष्णविवरांकडून. १९७२ मध्ये जेकब बेकेनस्टाइन हा प्रिन्स्टनमधला तरुण विद्यार्थी म्हणाला, कृष्णविवरात जी माहिती गडप होते तिचं माप त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतं. स्टीफन हॉकिंग यांना हे अजिबात पटलं नाही. ते खोडायला म्हणून त्यांनी गणित मांडलं आणि १९७४ मध्ये स्वतःच बेकेनस्टाइन बरोबर असल्याच्या निर्णयाला आले. यात विचित्र काय आहे, ते पाहा. कणगीत धान्य किती मावेल ते तिच्या पोटावर ठरतं. इथे निसर्ग सांगतोय की जास्तीत जास्त किती मावेल ते कणगीच्या बाहेरच्या भिंतीवर ठरतं! आणि ते कितीही नाही. हिशेब केला तर एका चौरस सेंटिमीटरला साधारण एकावर पासष्ट शून्यं एवढे बिट, म्हणजे माहितीचे सगळ्यात लहान घटक, त्यापुढे एकही नाही. तुकड्यात किती, याला पहिल्यांदा आकड्यात उत्तर मिळालं. १९९३ मध्ये हॉलंडचे गेरार्ड टी हूफ्ट आणि पाठोपाठ लिओनार्ड ससकिंड या भौतिकशास्त्रज्ञांनी ही गोष्ट कृष्णविवरापुरती न ठेवता सगळ्या अवकाशाला लावली. सपाट काचेवर खोली असलेलं चित्र मावतं, तशी आतली सगळी हकीकत कडेवर लिहिलेली असते, म्हणून या तत्त्वाला होलोग्राफीचं नाव मिळालं.

१९९७ मध्ये अर्जेंटिनाच्या हुआन मालदासेना यांनी एका विशिष्ट प्रकारच्या विश्वासाठी याचं नेमकं गणित दिलं. आत गुरुत्वाकर्षण असलेलं जग, कडेवर एक मिती कमी आणि गुरुत्वाकर्षण नसलेलं जग, आणि दोन्ही वर्णनं एकाच वस्तूची. काटेकोर सिद्धता अजून नाही, पण जिथे जिथे तपासलं तिथे ते जुळलं आहे. यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या मुंबईत झालंय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सायंतनी भट्टाचार्य, शिराज मिनवाला आणि त्यांच्या परदेशातल्या दोन सहकाऱ्यांनी २००७-०८ मध्ये दाखवलं की आतल्या कृष्णविवराचं क्षितिज, म्हणजे ज्यापलीकडून काही परत येत नाही ती सीमा, हलतं-डुलतं त्याचं गणित आणि कडेवर वाहणाऱ्या द्रवाचं गणित एकच आहे. आइनस्टाइनच्या समीकरणांतून पाण्याच्या प्रवाहाची असतात तशी समीकरणं निघाली! आणि पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये, थाणू पद्मनाभन २०२१ साली अचानक जाईपर्यंत याच्याच शेजारचा प्रश्न सोडवत होते. गुरुत्वाकर्षण हे उष्णतेसारखं, तळच्या बारीक घटकांच्या गर्दीतून वर येणारं असेल का, आणि विश्वाचं प्रसरण हा पृष्ठभाग आणि आतला भाग यांतला हिशेब जुळवण्याचा प्रकार असेल का, असं ते विचारत.

२०१५ मध्ये अहमद अलमहेरी, शी डाँग आणि डॅनियल हार्लो या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलेली गोष्ट मला सगळ्यांत प्रिय आहे. मालदासेना यांच्या विश्वात आतली एकच माहिती कडेच्या वेगवेगळ्या तुकड्यांमधून परत मिळवता येते. एखादा तुकडा हरवला तरी बिघडत नाही. पण लहान तुकड्यातून फक्त कडेजवळचंच वाचता येतं. अगदी मधलं वाचायचं तर कडेचा निम्म्याहून मोठा भाग हाती हवा. त्या काळ्या कागदाच्या भोकाचाच हा भाऊबंद नियम!

मग आपलं विश्व होलोग्राम आहे का? मालदासेना यांचं विश्व आपलं नाही. आपलं विश्व वेगानं फुगत चाललंय, हे १९९८ मध्ये कळलं, आणि अशा विश्वाला तशी सोयीची कडच नसते. ती कुठे मानायची, आपल्याभोवतीच्या क्षितिजावर की दूरच्या भविष्यकाळात, यावर आज काम चालू आहे. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेमध्ये होलोमीटर नावाचं उपकरण लावून अवकाशाची एका विशिष्ट प्रकारची थरथर शोधली गेली, ती सापडली नाही.

आणि जाणीव? कृष्णविवराच्या या गणितात जाणिवेबद्दल एक अक्षर नाही. प्रिब्रम यांची काच, बोम यांचा थेंब आणि बेकेनस्टाइन यांची भिंत या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यावर टाकता येत नाही. 'पिंडी ते ब्रह्मांडी' ज्यांनी अनुभवलं त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. त्यांना प्रयोगशाळेचा दाखला नको होता आणि आजही नको आहे. मात्र जाणीव होलोग्रामसारखी आहे असं कुणी विज्ञानाच्या नावानं सांगितलं, तर आपण विचारायला हवं: कशाच्या कडेवर, कोणत्या पट्ट्यांमध्ये, आणि किती? त्याचं उत्तर देणारं गणित अजून कुणी मांडलेलं नाही. ते मांडायचं झालं तर मोलायसनच्या हाताला चांदणी कशी आठवली आणि त्याला स्वतःला का नाही, हे त्या गणिताला सांगावं लागेल.

नमस्कार.